जहाजावर निघालेला हरभरा

त्या दुपारचा फोन मला आजही शब्दन् शब्द आठवतो. परदेशातलं एक मोठं युद्ध नुकतंच थांबलं होतं. तिथल्या उपाशी लोकांसाठी अमरावतीतल्या एका वयस्कर मुस्लिम व्यापाऱ्याने गावोगावच्या घरांतून हरभरा गोळा केला होता. प्रत्येक घरचं पोतं न उघडता, शिवलेलं तसंच ट्रकमध्ये चढलं आणि ट्रक तासाभरापूर्वीच मुंबई बंदराकडे निघाला होता. मी तेव्हा अमरावतीतल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो.

"साहेब, लढाईच्या मुलकात जे चने चालले त्यात जहर हाय. ट्रक रोका." एवढं बोलून फोन बंद झाला.

अकोला पोलिसांनी नाकाबंदी करून मूर्तिजापूरजवळ ट्रक अडवला. पण पुढे काय? सगळ्या पोत्यांचे नमुने प्रयोगशाळेत पाठवावेत, तर अहवाल येईपर्यंत जहाज सुटणार आणि उपाशी माणसं उपाशीच राहणार. ट्रक सोडावा, तर कोणाच्या तरी लेकराच्या ताटात विष. व्यापाऱ्याला ठाण्यात बोलावलं. तो म्हणाला, "एकाबी लेकराले काई झालं, तं मी अल्लाले काय तोंड दाखवू?" बाहेर अफवा पसरली तर शहर पेटेल, हीही धास्ती होतीच. खोटं कशाला सांगू, मी घाबरलो होतो.

फोन करणारा नंबरावरून भातकुलीकडच्या एका गावात सापडला. तरणाताठा शेतकरी. विष कोणी घातलं, कितीही विचारा, मान खाली. चोर बडबड करतो. असा मुका राहणारा बहुधा कोणाला तरी वाचवत असतो. मी प्रश्न बदलला.

"घरी कोण कोण असतं?"

तो रडायलाच लागला. "मायले जेलात टाकसान का, साहेब?"

पेरणीतून उरलेलं, कीड लागू नये म्हणून विषारी औषध लावलेलं हरभऱ्याचं बियाणं त्याच्या आईने धुऊन, वाळवून पाठवलं होतं. धुताना सांडलेले दाणे कोंबड्यांनी टिपले आणि त्या अंगणात मरून पडल्या. तेव्हा याला उमगलं.

आईला घेऊन ट्रकपाशी गेलो. पोत्याचं तोंड तिने लुगड्याच्या काठाने शिवलं होतं. ते दिसताच तिने त्या पोत्यावर हात ठेवला.

"चांगले धुतले होते म्या. लेकरं उपाशी हायेत म्हनून देल्ले."

पंचनामा करून ते एक पोतं उतरवलं, जबाब घेतला, ट्रक सोडला. तिच्यावर गुन्हा दाखल करण्यासारखं काहीच नव्हतं.

गुन्हेगाराला धाक बसावा म्हणून आम्ही आवाज चढवतो, टेबलावर दांडा आपटतो. त्या धाकाने कोण गप्प बसतं, हे मला त्या दिवशी कळलं. त्या पोराला पोत्याची खूण पहिल्यापासून ठाऊक होती. फोनवर एका वाक्यात सांगता आली असती. विषापेक्षा त्याला आमची भीती जास्त वाटली.