जोडामागे एक माणूस

आमच्या सासूबाई माणसं मोजत नाहीत, चपला मोजतात. समुद्रापासून दोन गल्ल्या आत आमची एक लांबट खोली आहे, तिच्या मागे एक छोटी खोली आणि दोन न्हाणीघरं. एका दिवसासाठी आलेल्या, हॉटेल न परवडणाऱ्या कुटुंबांना ही जागा आम्ही सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा देतो. डबे उघडा, पोरं निजवा, कपडे बदला. पैसे माणशी. पण पोरं एका जागी ठरतात थोडीच? दहावं डोकं मोजेपर्यंत पहिलं पळालेलं असतं. म्हणून आईंचा नियम : चपला दाराबाहेर, जोडामागे एक माणूस. संध्याकाळी एकही जोड उरला नाही, की कुलूप. अकरा वर्षांत एकदाही चूक नाही, हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

त्या रविवारी दोन गाड्या भरून एक कुटुंब आलं. माणसं बारा, जोड अकरा. एका माणसाचे पैसे वाचवायला मुलाने वडिलांच्या चपला पिशवीत घातल्या होत्या. हे आम्हाला नंतर कळलं. आजोबा सुनेच्या आडून अनवाणीच आत गेले. आईंची नजर चपलांवर.

दुपारी सगळे समुद्रात डुंबून आले, जेवले, पसरले. आजोबा मागच्या खोलीत जाऊन झोपले. साडेपाचला निघायची एकच गडबड उडाली. मुलाला वाटलं, वडील बहिणीच्या गाडीत. बहिणीला वाटलं, भावाच्या. गाड्या सुटल्या. आईंनी दाराबाहेर पाहिलं, "अकराच्या अकरा गेले!" असं मोठ्याने म्हणाल्या आणि कुलूप लावलं. वर पत्रा, खिडकी एकच, तीही बंद. आत सत्तरी ओलांडलेला माणूस, न्हाणीघरांना वेगळं कुलूप, आणि पाण्याचा माठ मीच उपडा करून ठेवलेला.

सव्वासातला आजोबांच्या मुलाचा आईंना फोन आला. त्याची बोबडी वळली होती.

"काकू, आमचे बाबा तिथे राहिलेत का हो?"

"कोणी नाही राहिलं. मी स्वतः मोजलंय. अकरा आलात, अकरा गेलात."

मग तो म्हणाला, "बारा होतो."

आईंच्या तोंडचं पाणी पळालं. एरवी गुडघे दुखतात म्हणून मला बाजारात पिटाळणारी ही बाई किल्ली घेऊन माझ्यापुढे धावत होती. मला तर वाटेत नको नको ते सुचत होतं.

आजोबा भिंतीला टेकून बसले होते. सदरा घामाने चिंब, ओठ सुकलेले, पण शुद्धीवर होते. मी शेजारून पाणी आणलं, ते त्यांनी घटाघटा संपवलं.

"अहो, हाक नाही का मारायची?" आई ओरडल्याच. "मी दारातच होते की!"

"ऐकू येत होतं मला, तुम्ही मोजत होतात ते," आजोबा म्हणाले. "ओ दिली असती तर पोराचं पितळ उघडं पडलं असतं."

आठच्या सुमारास मुलगा पोचला. त्याने पिशवीतून चपला काढून वडिलांच्या पायांशी ठेवल्या आणि मान खाली घालून उभा राहिला. माझा संताप संताप झाला होता. वाटलं, आता आई याचा चांगला उद्धार करणार. त्यांनी नुसता हात पुढे केला.

"एका माणसाचे पैसे राहिलेत."

त्याने मुकाट्याने दिले. मला आईंचाही राग आला. अशा वेळी कसले पैसे मागायचे?

आजोबा मात्र आई पैसे कनवटीला लावेपर्यंत थांबले. मग हळूच म्हणाले, "आता मला अंग धुवायला मिळेल ना?"

गोड्या पाण्याची बादली आम्ही पैसे भरलेल्यालाच देतो. त्यांनी ती दिवसभरात मागितलीच नव्हती. समुद्राचं मीठ हातापायांवर वाळून पांढरं झालं होतं.

आईंनी न्हाणीघराचं कुलूप काढून नळ सोडला, आणि बादली भरून वाहायला लागली तरी तो बंद केला नाही.