सुभेदार आबांचा डावा पाय

डाव्या पायाला एकही बोट नसलेले फ्रान्सिस सुभेदार रोज सकाळी पिंपळीहून कॅनॉलच्या कडेनं माळेगावच्या वाटेला चालायला जायचे. ताठ मान, सारखी पावलं. त्यांना लंगडताना आमच्या वस्तीवर कुणी पाहिलं नाही. आम्ही पोरं त्यांना आबा म्हणायचो.

फौजेत ते अठराव्या वर्षी आपणहून गेले. वडील रविवारी चर्चची घंटा वाजवायचे आणि एरवी द्राक्षबागेत राबायचे. घरात आधी कुणी सैनिक नव्हतं. निघताना आईनं गळ्यात क्रूस घातला आणि बजावलं, "देवाचं नाव घे, पर मागं बघू नगंस."

पुढं डोंगरावरच्या एका चौकीत एक जवान तापानं फणफणला. बर्फामुळं हेलिकॉप्टर उतरेना. साहेबांनी विचारलं, कोण जाईल? आबांनी नाव दिलं. चौघांनी मिळून त्या जवानाला स्ट्रेचरवर खाली आणलं. तो वाचला. आबांच्या डाव्या बुटात मात्र बर्फाचं पाणी शिरलं होतं. पाचही बोटं काळी पडली, कापावी लागली.

इस्पितळातून सुटल्यावर त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. "कांबळी मोजाय न्हाय आलो मी," असं ते आम्हाला म्हातारपणीही चिडून सांगायचे. बुटाच्या पुढच्या पोकळीत कापूस कोंबून त्यांनी मैदानाला फेऱ्या मारायला सुरुवात केली. मोजा रक्तानं भिजायचा. पलटणीत परत घ्या, हा अर्ज तीनदा फेटाळला गेला. चौथ्या वेळी डॉक्टरांनी पाठीवर ओझं देऊन डोंगर चढायला लावला. आबा चढले. पलटणीतूनच सुभेदार होऊन गावी परतले.

पोलीस भरतीत मी धावण्यात नापास झाले आणि घरी लग्नाची बोलणी सुरू झाली. आबा थेट आमच्या ओसरीवर आले. वडिलांना म्हणाले, "तात्या, पोरगी हरली न्हाय, नुसती थांबलीया. मला एक वरीस द्या."

वडील म्हणाले, "एकच हां, सुभेदार."

त्या वर्षात आबांनी मला कधी शाबासकी दिली नाही. दम तुटून मी खाली बसले की म्हणायचे, "बसायचं न्हाय. चाल. रडायचं तर चालता चालता रड." मी रडले, चालले आणि पुढच्या भरतीत निवडले गेले. आज इंदापूरला नोकरीला आहे.

गेल्या वर्षी आबांना अर्धांगवायू झाला. सुट्टी काढून मी भेटायला गेले, तर ते खाटेला धरून उभे होते. मी हात धरायला पुढं झाले.

"सोड," ते अडखळत म्हणाले. "पडलो तर उचल. आधी न्हाय."

दोन पावलं टाकून ते पडले. मी उचललं. ते पुन्हा उभे राहिले.

आठ दिवसांनी फोन आला. मी पोचले तेव्हा त्यांची बायको, रोझाआजी, उंबऱ्याशी बसून होती. "सकाळी माझ्याआधी उठलं," ती म्हणाली. "दार सोता उघडलं. हितं ऊन खात बसलं, आन् बसल्या बसल्याच गेलं."

खाट मागच्या खोलीत होती. तिथून दारापर्यंत मी चालून पाहिलं. एकवीस पावलं भरली.