माधवला सांगितलेलं अंतर

प्रताप नगरातल्या दुकानात मुलीच्या सायकलचं पंक्चर काढून घेत होतो. ट्यूबवर सोल्यूशन लावल्याचा उग्र वास आला आणि जयपूरच्या त्या रस्त्यावर उभा असूनही मी तीस वर्षांपूर्वीच्या कोकणात पोचलो.

आम्ही सहा मित्र महाबळेश्वरहून हरिहरेश्वरला सायकलने चाललो होतो. सर्वांत मागच्याबरोबर एकाने थांबायचं, हा आमचा नियम. दुसऱ्या दिवशी दुपारी मागे होता माधव, आणि सोबतीला मी. दोन पंक्चर झाल्यावर तो एसटीच्या थांब्यावर बसलाच.

"मी गाडीने येतो. घरी भाऊ म्हणालाच होता, तू एसटीच्या टपावरूनच पोचशील."

मग त्याने विचारलं, "किती राहिलं रे? नक्की सांग."

अकरा किलोमीटर होतं. मी म्हणालो, "चार."

तो उठला. काजूच्या बागा मागे पडल्या, वाऱ्याला खारट ओल आली. प्रत्येक वळणावर मी त्याच्या शिव्यांची वाट पाहत होतो, पण तो खाली मान घालून पायडल मारत राहिला.

समुद्र दिसल्यावर मी कबूल केलं, "माधव, अकरा होते."

"माहीत आहे. रस्त्याकडेचे दगड मलाही वाचता येतात."

"मग बोलला का नाहीस?"

"तू खोटा आकडा सांगितलास, म्हणजे माझी अवस्था तुला बघवत नसणार. म्हटलं, आता पोचायलाच हवं."

तेव्हा मी नुसता हसलो. त्याला मीच पोचवलं, असं कितीतरी वर्षं समजत होतो. आज वाटतं, शेवटचे सात किलोमीटर तो माझं खोटं सांभाळत सायकल चालवत होता.