डोंग्याचा खुंटा

मी समुद्रकाठच्या एका संग्रहालयात बुडालेल्या जहाजांचं सामान वाचवायचं काम करते. यवतमाळ जिल्ह्यातल्या पोरीनं हे काम करावं याचं आमच्या गावाला अजून हसू येतं. राळेगावच्या एसटी स्टँडवर एका ओळखीच्या आजीनं विचारलं होतं, "याचा पगार देते का वं कोणी, का आपलं हौसेनं?" त्यात गावानं आमच्या घराण्याला ठेवलेलं नाव डोंगासोडे. डोंगासोड्याची नात बुडालेली जहाजं धरायला गेली, ही थट्टा इतक्यांदा ऐकली आहे की सांगणाऱ्याच्या आधी मीच हसून टाकते.

नाव पडलं ते आजोबांमुळे. पूल व्हायच्या आधी माणसं, गाठोडी, शेळ्या वर्धा नदीपार न्यायला गावाचा एकच डोंगा होता, आंब्याचं अख्खं खोड कोरून केलेला. तो आजोबा चालवत. एका पुराच्या रात्री डोंगा गेला. सकाळी लोक काठावर आले तर डोंगा नाही आणि खुंटाही नाही. आजोबा म्हणाले, पाणी चढलं म्हणून मी वर बाभळीचा नवा खुंटा ठोकून त्याला बांधला होता. लोक म्हणाले, मग खुंटा दाखव. कुठून दाखवणार? पिऊन पडला असेल, बांधायचा राहिला, असं गावानं ठरवून टाकलं. डोंगा गेला, काम गेलं, आणि उरलेला जन्म आजोबा दुसऱ्याच्या वावरात राबले. मरेपर्यंत म्हणत राहिले, "म्या बांधला व्हता."

बाबांना ते कधी पटलं नाही. तेव्हा ते दहाएक वर्षांचे होते. शाळेत पोरं चिडवायची, आणि आजोबा घेत असत हेही काही खोटं नव्हतं. मी लहानपणी विचारलं की बाबा म्हणायचे, "बांधला असता तं गेला असता का?" पुढं बोलायची सोय नसे. मला मात्र आजोबा आवडायचे. मी त्यांच्या बाजूची होते, पुरावा नसताना.

गेल्या उन्हाळ्यात बाबांचा फोन आला. "तुह्या आज्याचा डोंगा सापडला वं."

शेतात टाकायला नदीतला गाळ काढत होते, जेसीबीच्या दाताला लागला. बाजूला ठोकलेल्या लोखंडी पट्टीवरून बाबांनी लगेच ओळखला. होडी कशी बुडाली, हे पुष्कळदा तिच्या लाकडावरून वाचता येतं, आणि ते वाचणं हेच तर माझं काम. मी म्हटलं, हलवू नका. पण तोवर डोंगा ट्रॅक्टरला बांधून आमच्या मागच्या अंगणात आला होता. मग मी फोनवर ओरडून ओरडून सांगितलं की ओला ठेवा, सावलीत ठेवा, पोती भिजवून वर टाका. इतकी वर्षं पाण्यात राहिलेलं लाकूड आतल्या पाण्यावरच उभं असतं. ते पाणी उडालं की लाकूड आतून बसतं. संग्रहालयात आम्ही असं लाकूड टाकीत ठेवतो आणि त्यातल्या पाण्याच्या जागी हळूहळू मेणासारखं रसायन भरतो. त्याला महिनोन् महिने लागतात. बाबा सगळ्याला "हो, हो" म्हणाले.

रजा मिळून निघेपर्यंत आठवडा गेला. पोचले तेव्हा सकाळ होती. बाबांनी दारातच पिशवी हातातून घेतली.

"डोंगा कुठे आहे?"

"मागं हाय. पहिले आंघोळ कर. आता काई तो पळून नाई जात."

न्हाणीत कढत पाणी काढून ठेवलं होतं. रात्रभराच्या रेल्वेचा मळ होता, केसही धुतले. इतकं बरं वाटलं की दोन तांबे जास्तच घेतले.

मग मागं गेले. डोंगा विटांवर ठेवला होता, भर उन्हात, जवसाचं तेल लावून चकचकीत केलेला. या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकला होता. एक बाजू पापडासारखी वळली होती. तडा पुराचा कुठला आणि उन्हाचा कुठला, हे आता कोणीही सांगू शकलं नसतं. मीही नाही.

"पोत्याखाली ठेवला व्हता दोन दिवस," बाबा म्हणाले. "बुरशी आली, वास मारे. ओलं कसं ठेवू वं? कापूस ओला ठेवला तं काया पडते, तूर ओली ठेवली तं सडते. मंग उन्हात घातला. रोज पालटवला. तू येऊन राह्यली म्हणून तेल लावलं."

मला राग आला. खूप आला. परक्या माणसाला मी फाडून खाल्लं असतं. पण बाबांनी उभ्या आयुष्यात जे काही वाचवलं ते वाळवूनच वाचवलं होतं, आणि डोंगा त्यांनी तसाच, जीव लावून वाळवला होता. मी फक्त म्हटलं, "बरं झालं, सावलीत घेऊ आता." ते ओशाळले. डोंगा बिघडला हे त्यांना माझ्या तोंडावरून कळलंच होतं.

टोकाशी दोर ओवायचं भोक होतं. त्यात अंबाडीचे चार धागे अडकले होते. दोर होता एवढं त्यावरून कळत होतं. तो कशाला बांधला होता की नुसताच लोंबत होता, हे कळत नव्हतं. मग मी कामावर प्रत्येकाला विचारते तो प्रश्न सवयीनं विचारला. "याच्यासोबत अजून काय निघालं होतं?"

"काई नाई. काड्याकुड्या, घागरीचा काठ. बुडाखाली एक लाकूड अडकेल व्हतं, बाभयीचं, एवढं." त्यांनी दोन्ही हात पसरून माप दाखवलं. "एक टोक तासेल व्हतं..."

"आणि दुसरीकडे?"

"वरत खाच पडेल व्हती. दोरानं पडते तशी..."

बोलता बोलता ते थांबले. हात तसेच पसरलेले राहिले.

पुरात काठ खचला होता. खुंटा उपटला आणि डोंगा त्याला ओढत घेऊन गेला. दोर पुढं सडला, खुंटा बुडाखाली गाळात राहिला. न बांधलेला डोंगा खुंटा सोबत नेत नाही. एवढं समजायला माझ्या शिक्षणाची गरज नव्हती, बाबांनाही ते माझ्याइतकंच समजलं होतं. सापडला तेव्हा मात्र त्यांना तो खुंटा म्हणून दिसला नाही, कारण बांधलाच नव्हता हे त्यांच्या मनात साठ वर्षांपूर्वीच पक्कं झालेलं. फोनवर मी डोंग्याचं सगळं सांगितलं होतं, आणि सोबत निघालेल्या लाकडांबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

"बाबा, कुठे आहे तो?"

त्यांनी न्हाणीबाहेरच्या चुलीकडे पाहिलं.

"डोंग्यासंगच उन्हात वायला व्हता," ते म्हणाले. "सकाई तुह्या आंघोळीच्या पाण्याले लावला."

ते चुलीपाशी जाऊन बसले आणि काडीनं राख उकरू लागले. एक निखारा निघाला, तो काडी लागताच फुटला. मी शेजारी बसले. माझे केस अजून ओले होते.

"बुढा मरायच्या आदल्या दिवशीबी म्हणे, म्या बांधला व्हता रे," बाबा म्हणाले. "मी म्हणलं, हो, हो, झोपा आता. त्याले समजलं व्हतं वं, मी वरवर म्हणून राह्यलो ते." मग ते रडले. मी त्यांना रडताना पूर्वी पाहिलं नव्हतं.

डोंग्याचं भोक असलेलं टोक मी कापून सोबत आणलं. ते कोपऱ्यातल्या एका टाकीत आहे. संग्रहालयाच्या लेखी त्याला काही किंमत नाही, मी हट्टानं ठेवलं आहे. बाबा मधूनमधून त्याची चौकशी करतात, दवाखान्यातल्या माणसाची करावी तशी.

परवा फोनवर म्हणाले, "काल चौकात सांगतलं सगळ्यायले. बापानं बांधला व्हता म्हणून. खुंटा म्या माह्या डोयानं पाह्यला म्हणून."

"मग?"

"मंग काय. हासले. म्हणे, दाखव ना मंग खुंटा."

मग त्यांनी विचारलं, "तो तुकडा ओला हाय ना?"

"ओला आहे, बाबा."

"ओलाच ठेवजो."