क्लासमधला बंगला

चाकूरची दीपमाला नोकरीसाठी लातुरातल्या तिसऱ्या आर्किटेक्टच्या ऑफिसात बसली होती. आलोक सरांनी तिची फाइल उघडली आणि त्यांना हसूच आलं.

"हा बंगला ओळखीचा आहे. जिन्याखाली देवघर, बरोबर? मागच्या मुलानंही हाच आणला होता."

तिची कानशिलं तापली. नकाशे काढायला शिकवणाऱ्या तिच्या क्लासमध्ये सगळ्यांना एकच बंगला होता. तिथल्या सरांनी काढायचा, पोरांनी उतरवायचा, हात बसेपर्यंत घोटायचा. असंच घोटून ती दहावीला वर्गात पहिली आली होती.

"सर, ऑटोकॅड येतं. थ्रीडी पण येतं."

"येत असेल. तू राहतेस ते घर मोजून काढून आण. जमलं तर जागा तुझी."

घरी टेपचं दुसरं टोक धरायला आई, सिंधुबाई.

"लोकायच्या पोरी नोकरीला लागल्या, अन् तू भिंती मोजायलीस!"

"माय, टेप सैल सोडू नको गं."

माजघराच्या समोरासमोरच्या भिंतींची मापं जुळेनात. आईचाच हात हलला असेल, असं धरून दीपमालानं कॉम्प्युटरवर सगळं काटकोनात बसवलं. देवापुढं कागद ठेवून हात जोडले आणि लातूर गाठलं.

"तिरकी मापं घेतलीस का? या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात?" आलोक सरांनी विचारलं.

"नाही सर."

"दगडमातीचं जुनं घर आणि सगळे काटकोन? या कागदावरून मिस्त्रीनं ओटा केला, तर भिंतीला बसेल का? शनिवारपर्यंत थांबतो. मग नांदेडच्या मुलीला बोलावतो."

एसटीत तिला रडू आवरेना. दोन वर्षं शिकले, अन् एवढी साधी गोष्ट कोणीच कशी सांगितली नाही? देवा, अजून किती शिकायचं?

तिरकं मोजल्यावर खोली चांगली वीतभर तिरपी निघाली.

"आता साहेबाला सरळच दाखव," सिंधुबाई म्हणाल्या. "आपलं वाकडं लोकाला कशाला?"

"सरळ दाखवलं म्हणूनच परत धाडलं ना!"

कॉम्प्युटर रेघ आपोआप सरळ करत होता. तिनं चिडून ती सोय बंद केली आणि घर होतं तसं काढलं.

शनिवारी सरांनी कागद नीट पाहिला. "हं. सोमवारपासून ये. पण कॉम्प्युटरला इतक्यात हात नाही. आधी वर्षभर माझ्याबरोबर घरं मोजायची."

"हो सर," ती म्हणाली.

नोकरी लागली होती. तरी जिना उतरताना तिचा संताप काही उतरत नव्हता. मग तो बंगला एवढा घोटला कशाला?