हबक्कूक सोनाजीसाठी प्रार्थना

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. भुतंखेतं, दृष्टांत, स्वप्नात आलेली माणसं... कोणी सांगायला लागलं की मी उठून चहा ठेवायला जाते. सगळी नोकरी गणित शिकवण्यात गेली, त्यामुळे असेल. पण ही गोष्ट माझ्याच हातून घडली, म्हणून नाकारताही येत नाही.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांतात होतं. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस, रॉकेल मिळायची मारामार. अमरावतीला कॅम्पात, चर्चच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो — मी आणि माझी माय. वडील मी लहान असतानाच गेले. माय बायबलबाई होती. म्हणजे घरोघरी जाऊन बायकांना बायबल वाचून दाखवायची आणि मिशनकडून त्याचा थोडा पगार मिळायचा. तिचा देवावर भरवसा असा, की डब्यातलं पीठ संपलं तरी ती आधी गुडघे टेकणार, मग शेजारणीकडे जाणार. मी नुकती ट्रेनिंग संपवून मास्तरीण झाले होते. मला त्या गुडघे टेकण्याचा भयंकर राग यायचा. पिठाला देव कशाला लागतो?

दर बुधवारी दुपारी चर्चमध्ये बायकांची प्रार्थनासभा भरे. तिथे बिस्किटांचा एक रिकामा डबा ठेवलेला असायचा. जिला जे मागायचं ते तिने चिठ्ठीवर लिहून आत टाकायचं, खाली सही करायची नाही. मग प्रत्येकीने एक चिठ्ठी उचलायची आणि उत्तर मिळेपर्यंत रोज त्यासाठी प्रार्थना करायची.

एका बुधवारी माझं डोकं फिरलं आणि मी खोटी चिठ्ठी टाकली. 'चांदूर रेल्वेच्या हबक्कूक सोनाजीचे दोन्ही पाय गेले आहेत. त्याने उठून चालावे.' चांदूरला एकही ख्रिस्ती घर नाही, असं मायच म्हणायची. आणि हबक्कूक हे नाव तर मी मुद्दाम शोधून काढलं. बायबलातला संदेष्टा खरा, पण वऱ्हाडात कोणी पोराचं हे नाव ठेवल्याचं मी ऐकलं नव्हतं. सोनाजी आपलं असंच सुचलं. नसलेल्या माणसासाठी बायका महिनाभर प्रार्थना करतील, मग मी खरं सांगेन आणि मायचे डोळे उघडतील, असा माझा बेत.

चिठ्ठी नेमकी मायनेच उचलली.

रोज सकाळी पलीकडच्या खोलीतून ते नाव ऐकू यायचं. शुक्रवारचे उपासही तिने धरले. तिला आधीच दम्याचा त्रास. चौथ्या शुक्रवारी चक्कर येऊन चुलीपाशी बसली. मी म्हटलं, "माय, पुरे कर ना आता. कोन कुठचा मानूस!"

"काहून पुरे? तो पडून राह्यला अन् मी जेवू?"

तेव्हाच सांगायला हवं होतं, पण जीभ उचलली नाही. ती मला क्षमा करेल हे ठाऊक होतं. पण त्यानंतर गुडघे टेकताना तिच्या मनात शंका येईल, ही भीती आता माझ्या जिवाला खाऊ लागली. त्या भरवशाशिवाय तिच्याजवळ दुसरं होतं काय? जो मोडायला मीच निघाले होते, तोच आता मोडेल म्हणून मला घोर लागला होता.

आणि एक गोष्ट मी साफ विसरले होते. महिनाभरात उत्तर आलं नाही, तर चिठ्ठी उचलणारीने त्या माणसाला स्वतः जाऊन भेटायचं — असा सभेचा नियमच होता. पुढच्या शनिवारी सकाळी मायने टोपलीत भाकरी, उकडलेली अंडी आणि मालिशच्या तेलाची बाटली भरली.

"चाल रूथ, चांदूरले जाऊ."

बडनेऱ्याला गाडी बदलायची होती. तिथल्या बाकावर बसून मी तिला सगळं सांगितलं, रडत रडत. माय ऐकत राहिली. तिचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. मला वाटलं... झालं, मोडलं.

मग ती म्हणाली, "महिनाभर म्या त्याचं नाव घेतलं. आता तो नाही म्हनू?"

"माय, तो नाहीच आहे! म्या बनवला त्याले!"

"मानूस बनवनं तुह्या हातात नाही, बाई."

गाडी आली. ती उठली, टोपली उचलली आणि डब्यात चढली. मी मागोमाग.

चांदूरला तिने रेल्वेच्या फाटकवाल्याला ख्रिस्ती माणसाचं घर विचारलं. "किरिस्ताव?" तो म्हणाला, "इथं कोनी नाही, बाई." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माय मात्र हलली नाही. पाय गेलेला कोणी आहे का, असं तिने विचारलं.

"लंगड्या आहे ना! मालधक्क्यावर हमाल होता, कापसाच्या गाठी पडल्या पायावर. ते पाहा, जिनिंगच्या मांगची झोपडी."

झोपडीचं दार उघडंच होतं. आत खाटेवर एक पन्नाशीकडे झुकलेला माणूस, कमरेखाली गोधडी. मायने उंबऱ्यातूनच हाक मारली — "हबक्कूक सोनाजी!"

तो दोन्ही हातांनी तोंड झाकून लहान पोरासारखा रडला. मी दाराची चौकट घट्ट धरून उभी होते.

मोठ्या दुष्काळात त्याचे आईबाप गेले आणि तो अकोल्याला मिशनच्या एका अनाथालयात वाढला. तिथले साहेब पोरांना बायबलातली नावं ओळीने देत गेले. नेहमीची संपली तेव्हा याच्या वाट्याला हबक्कूक आलं. सोनाजी हे बापाचं नाव. बाराव्या वर्षी तो तिथून पळाला. पुढे हमालीत सगळे त्याला 'हब्या' म्हणत, पाय गेल्यावर 'लंगड्या'. पूर्ण नाव चांदुरात कोणाला ठाऊकच नव्हतं.

"बाई, तुमाले कोनं सांगतलं माहं नाव?" त्याने विचारलं. मायने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"पाच-सा महिने झाले, पडूनच आहो," तो म्हणाला. "रोज एकच मांगतो... देवा, मराच्या आंधी कोनी तरी मले माह्या नावानं हाक मारू दे."

लोक म्हणतात, लहानपणी ते नाव कुठेतरी तुझ्या कानावर पडलं असेल. असेलही. पण अकोल्याला मी तोवर कधी गेलेच नव्हते, आणि मायलाही तो माणूस माहीत नव्हता. बरं, नाव ऐकलं असं धरू. मग पायांचं काय? ते तर त्याच वर्षी गेलेले. आणि सगळी गावं सोडून चांदूरच का लिहिलं मी? खूप डोकं चालवून पाहिलं. मला हे सोडवता आलेलं नाही.

आमच्या बायका आळीपाळीने त्याच्याकडे जात राहिल्या. जी जाई ती दारातून पूर्ण नावाने हाक मारी. प्रार्थना चालूच होत्या, पण तो काही उठला नाही. पावसाळ्याच्या तोंडी वारला. त्याला अमरावतीला आणून आमच्या दफनभूमीत माती दिली. परतताना माझ्यातली जुनी खोड उसळलीच. म्हटलं, "माय, शेवटपर्यंत चालला नाही ना तो?"

माय रस्त्यातच थांबली.

"चालाचं तू लिवलं होतं, रूथ. त्यानं ते कधी मांगितलंच नोतं."