वाकड्या सुऱ्या माझ्या वाट्याला

ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पोलादी पाट्यांपासून माझा नवरा सुऱ्या घडवतो आणि खापर गावच्या बाजारात विकतो. पातं लाल तापवून तेलात बुडवलं, की एक डोळा मिटून ते उजेडाकडे धरतो. मला बघायला आला तेव्हाही त्यानं इतकं निरखलं नव्हतं.

पातं वाकडं निघालं तर दोष माझा. म्हणे, ऐन वेळी मी चहाला हाक मारली. मग गरम आहे तोवर ते सरळ करायची धडपड. थंड झाल्यावर ठोकलं तर तुटतं, हे तोच जगाला सांगतो आणि तोच ठोकतो. यातून जी वाकडीच उरते, ती सुरी माझ्या स्वयंपाकघरात येते.

परवा मी भांडून एक सरळ सुरी घेतली. वांगं चिरायला बसले, तर फोडी तिरक्याच. इतकी वर्षं वाकडं पातं सांभाळून चिरायची सवय! ताटात डोकावून तो म्हणाला, "सुरी सरळ शे, तुन्हा हातच वाकडा व्हई गया."

मी म्हटलं, "मंग आते सरळ कराले जाऊ नका. थंडा व्हई गया तो, तुटी जाई."